विश्लेषण : पेणचे विष्णुपंत दामले बोलपटांचे ध्वनिमुद्रक कसे झाले?

अलिबाग, पेण, मुरुडकडे आता घरातल्या एका खोलीत गाणे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकता येते. एक मायक्रोफोन, एक ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि लॅपटॉप एवढ्यावर काम सुरू होते. यातले बरेचसे हाताशी नसताना याच किनारपट्टीतल्या एका माणसाने मराठी बोलपटाचा आवाज टिपला. विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेण येथे झाला. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता, रायगड हे नाव १९८१ मध्ये आले.

सुरुवात रंगाच्या ब्रशने

दामले यांनी ध्वनिशास्त्राचे किंवा अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. दामले त्यांच्या हाताखाली शिकले. पेंटर बंधूंना सिनेमाचा ध्यास लागला होता, पण विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. मग तो घरीच बनवायचे ठरले. आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि काम अर्धवट राहिले. पुढे बाबूराव आणि दामले यांनी मिळून १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला.

दामले यांचे खरे शिक्षण इथेच झाले असे म्हणायला हरकत नाही. फिल्म कॅमेऱ्याच्या आत प्रत्येक चौकट क्षणभर थांबून पुढे सरकली पाहिजे, आणि तीही दर वेळी नेमक्या त्याच अंतराने. त्यात केसभर चूक झाली तरी पडद्यावर चित्र थरथरते. हे यंत्र स्वतःच्या हाताने जुळवलेल्या माणसाला पुढे दुसऱ्या कुठल्याही यंत्राची भीती वाटण्याचे कारण नव्हते.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम केल्यानंतर, १ जून १९२९ रोजी दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी कोल्हापुरात 'प्रभात' ही कंपनी काढली. भांडवलाची बाजू सराफ सीताराम कुलकर्णी यांनी सांभाळली. पहिले चित्रपट मूकच होते.

आवाज आला आणि गणित बदलले

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला आणि मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढे दोनच वाटा उरल्या : आवाज शिका किंवा दुकान बंद करा. 'प्रभात'ने शिकायचे ठरवले. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांच्याकडे आली. वय होते अडतीसच्या पुढे.

नेमके काय शिकायचे होते? त्या काळच्या पद्धतीत आवाज थेट फिल्मवर 'छापला' जाई. मायक्रोफोन आवाजाचे विजेत रूपांतर करतो. त्या विजेनुसार प्रकाश कमी-जास्त होतो आणि अरुंद फटीतून सरकत्या फिल्मवर पडतो. फिल्म धुतल्यावर तिच्या कडेला एक बारीक पट्टी उमटते. प्रोजेक्टरमध्ये त्याच पट्टीतून प्रकाश गेला की पुन्हा आवाज तयार होतो.

यात तीन मोठ्या अडचणी होत्या. मूकपटात हँडल हाताने फिरवले तरी चाले, वेग थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडत नसे. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी हा वेग पक्का लागतो, नाहीतर गायकाचा सूरच हलतो. दुसरी अडचण गोंगाटाची. खुद्द कॅमेरा खडखड करतो आणि मायक्रोफोन तेही ऐकतो. 'आलम आरा'चा स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ होता, म्हणून चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर करावे लागे. कोकणात पत्र्याच्या छपराखाली ज्याने पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा प्रयत्न केला असेल, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी अडचण सर्वांत महागडी. आज गाणे बिघडले तर डिलीट करून पुन्हा गाता येते. तेव्हा एका मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७ मीटर फिल्म लागे आणि ती धुतल्याशिवाय आवाज नेमका कसा उमटला ते कळत नसे. चूक उशिरा कळायची आणि तोवर फिल्मचे पैसे गेलेले असायचे. शिवाय पार्श्वगायन रुळण्यापूर्वी नट कॅमेऱ्यासमोरच गात आणि वादक चौकटीबाहेर, आडोशाला बसून साथ करत. गायकाला मायक्रोफोन किती जवळ, तबला किती दूर, हे सगळे संतुलन जागेवरच साधायचे. नंतर मिक्सिंगमध्ये बघू, ही सोय नव्हती.

'अयोध्येचा राजा' आणि पुढे

६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र आणि संगीतकारही, तर दुर्गा खोटे तारामती. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत केला गेला, म्हणजे ध्वनिमुद्रकाला कसोटीही दोनदा. मराठी बोलपटांत आज टिकून असलेला हा सर्वांत जुना मानला जातो.

१९३३ मध्ये 'प्रभात' पुण्यात आली आणि तिने एरंडवण्यात बोलपटांसाठी मोठा स्टुडिओ उभारला. यंत्रांची बाजू जाणणारा भागीदार घरातच असणे हे 'प्रभात'चे मोठे भांडवल होते, आणि हिशेबाच्या वहीत ते कुठे दिसत नाही.

दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ मध्ये आला. विष्णुपंत पागनीस यांचे गाणे त्यात इतके साधे ऐकू येते की मागच्या तंत्राकडे लक्षच जात नाही. एका मुंबईतच तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. 'गोपाल कृष्ण', 'संत ज्ञानेश्वर', 'संत सखू' हे चित्रपटही याच जोडीचे.

नाव मागे का राहिले?

'प्रभात' म्हटले की आधी शांताराम आठवतात. ते १९४२ मध्ये बाहेर पडले आणि स्वतःची 'राजकमल' उभारून पुढे कित्येक दशके लोकांसमोर राहिले. दामले यांना तेवढे आयुष्यच मिळाले नाही. ५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ध्वनिमुद्रक पडद्यावर दिसत नाही, हेही एक कारण असावे. त्यांच्या जीवनावरील माहितीपटाला त्यामुळेच नाव शोभते : 'बोलपटांचा मूक नायक'.

'प्रभात' १९५० च्या दशकात बंद पडली. १९६० मध्ये त्याच जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, म्हणजे आजची एफटीआयआय. ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम तिथे आजही शिकवला जातो.