जॉर्ज फ्रेडरिक हँडेल व बारा मात्रांचें गीत

गेल्या नाताळांत आमच्या गायकवर्गानें हँडेलच्या ‘मसीहा’ या संगीतरचनेंतील मेंढपाळाचें गीत म्हटलें. मुलांनीं मेहनत पुष्कळ केली होती. परंतु बाराही मात्रांवर सारखाच जोर पडल्यामुळें, मेंढपाळ कळप चारीत आहे असें न वाटतां पलटणीची कवाईत चालली आहे असें वाटलें. दोष आमचाच. आम्हीं त्यांस आंकडा शिकविला, ठोके शिकविले नाहींत. ती चूक सुधारण्यास या थोर पुरुषाच्या चरित्राहून चांगलें साधन आम्हांस आढळलें नाहीं.

हँडेलचा जन्म जर्मनींतील हाले शहरीं २३ फेब्रुवारी १६८५ रोजीं झाला. बाप शस्त्रवैद्य असून मुलानें वकील व्हावें अशी त्याची इच्छा होती. (गाण्यानें पोट भरत नाहीं, ही समजूत केवळ आमच्याच पालकांची आहे असें नाहीं!) बाप वारल्यावर १७०२ सालीं हँडेलनें विद्यापीठांत नांव घातलें खरें, पण दुसऱ्याच वर्षीं तो हँबुर्गच्या संगीतनाटकगृहांत वादक झाला. १७०६ सालीं तो इटलीस गेला. तेथें रोम शहरांत नाताळाच्या सुमारास डोंगरांतले मेंढपाळ पांवे व कातडी पिशवीचीं वाद्यें वाजवीत येत. तीं ऐकणें त्याच्या फार उपयोगीं पडलें.

पुढें तो लंडनवासी झाला. त्याच्या इटालियन संगीतनाटकांचे प्रेक्षक कमी झाले, १७३७ सालीं अर्धांगाचा झटका आला. आणि अशा मनुष्यानें १७४१ सालीं अवघ्या २४ दिवसांत ‘मसीहा’ लिहून काढला. त्यांतील मेंढपाळांच्या वादनास त्यानें ‘पीफा’ हें नांव दिलें, तें त्या रोमच्या वादकांवरूनच.

हें वादन व उपर्युक्त गीत या दोहोंच्या आरंभीं वर बारा व खालीं आठ असे आंकडे आहेत. खालच्या आठांवरून मात्रा अष्टमांश स्वराची आहे एवढेंच कळतें. वरच्या बारांस तीनांनीं भागावें, म्हणजे ठोके चार निघतात. पहिला ठोका सर्वांत जड, तिसरा त्याहून कमी, दुसरा व चौथा हलके; आणि प्रत्येक ठोक्यानंतरच्या दोन मात्रा नुसत्या झुलत जावयाच्या. आपल्या एकतालाच्याही मात्रा बाराच. पण त्याचे विभाग दोनदोनांचे सहा. दादऱ्याच्या सहा मात्रा मात्र तीन-तीनांत विभागलेल्या असतात. तेव्हां हें गीत म्हणजे जणूं दादऱ्याचीं दोन आवर्तनें एकत्र जोडलेलीं. तबल्यावर दादरा वाजविणाऱ्या मुलास हें समजण्यास पांच मिनिटें पुरावीं.

हँडेलनें स्वतःच याचा उत्तम दाखला ठेवला आहे. सीयोनेच्या कन्येस आनंद करावयास सांगणारें गीत त्यानें प्रथम बारा मात्रांत रचलें व पुढें तेंच साध्या चार ठोक्यांत बसविलें. ठोके दोन्हींकडे चारच. पण ठोक्याच्या पोटांतले तीन भाग जाऊन दोन व चार आले, आणि बागडणारें गीत धांवूं लागलें.

१३ एप्रिल १७४२ रोजीं डब्लिन येथें ‘मसीहा’चा पहिला प्रयोग झाला. उत्पन्न दोन रुग्णालयांस व कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्यांस मिळालें; १४२ कैदी सुटले. १७५१ पासून हँडेलची दृष्टि जाऊं लागली, तरी तो ऑर्गन वाजवीतच राहिला. १४ एप्रिल १७५९ रोजीं तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेंतील त्याच्या पुतळ्यापुढें एका कागदावर ‘मसीहा’तीलच दुसऱ्या एका गीताचे स्वर कोरलेले आहेत. तें गीत साध्या तीन ठोक्यांचें आहे. येत्या नाताळांत आम्ही मुलांस तें मेंढपाळाच्या गीताशेजारीं बसवून शिकविणार आहों.