कोचला वेळ द्यायचा तरी किती?

आमच्या होस्टेलमध्ये वीकेंडच्या रात्री एकच विषय असतो, तो म्हणजे फुटबॉल! मेसचं जेवण आटोपलं की एका लॅपटॉपभोवती दहा-बारा जण गोळा होतात. त्यात आपल्या आवडत्या टीमला नवीन मॅनेजर आला असेल तर मग विचारूच नका. दोन मॅच हरली की अर्धी मुलं म्हणतात याला काढा, उरलेली म्हणतात जरा थांबा. मी नेहमी ‘काढा’ पार्टीत.

यंदा आमच्या कॉलेजच्या टीमलाही नवीन कोच मिळाले. त्यांनी काय केलं, तर रोज अर्धा तास फक्त डाव्या पायानेच खेळायचं! आम्ही खूप हसलो. पहिल्या दोन्ही मॅच हरलो तेव्हा सर बदलून द्या असा अर्ज तयार झाला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे इंग्लिशमध्ये अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. सह्यासुद्धा झाल्या.

त्याच आठवड्यात मी ‘मैदान’ हा २०२४ चा सिनेमा पाहिला आणि ज्यांच्यावर तो आहे, त्या सय्यद अब्दुल रहीम यांच्याबद्दल शोधून शोधून वाचलं. रहीमसाहेब हैदराबादचे. आमच्या पांढरकवड्यावरून जो हायवे पैनगंगा ओलांडून पुढे जातो ना, त्याच हैदराबादचे. जन्म १९०९ चा, पेशा शाळामास्तरचा. पुढे ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या टीमचे कोच झाले. या टीमने मुंबईत १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला.

१९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांच्या भारतीय टीमने इराणला १-० ने हरवून गोल्ड मिळवलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं! आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. विचार करा, आम्ही तिथे असतो तर किती अर्ज गेले असते!

रहीमसाहेबांनी मात्र काम सोडलं नाही. खेळाडूंचा कमजोर पाय पक्का व्हावा म्हणून ते फक्त त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा घेत. (हे वाचलं आणि माझं हसूच बंद झालं.) १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला तेच कोच होते. तिथे आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली आणि भारत चौथा आला. १९६० ला रोममध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली.

मग आलं १९६२ चं जकार्ता एशियाड. तोवर रहीमसाहेबांना कॅन्सर झाला होता. पहिलीच मॅच आपण दक्षिण कोरियाशी २-० ने हरलो. दुसऱ्या मॅचमध्ये डिफेंडर जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले. डोक्याला जखम असलेल्या या खेळाडूला रहीमसाहेबांनी सेमीफायनलमध्ये चक्क फॉरवर्ड केलं! त्याने सेमीफायनलमध्ये गोल केला आणि फायनलमध्येही. फायनलला समोर तोच दक्षिण कोरिया होता आणि स्टेडियममधलं पब्लिक आपल्या विरोधात. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलच्या गोलांनी आपण २-१ ने जिंकलो.

पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ ला, रहीमसाहेब गेले. त्यानंतर एशियाडमध्ये फुटबॉलचं गोल्ड आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही.

हेलसिंकीनंतर त्यांना कायमचं घरी बसवलं असतं तर? मेलबर्न नाही, जकार्ता नाही. आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. मँचेस्टर युनायटेडमध्ये फर्ग्युसन १९८६ ला आले, पहिला कप मिळाला तो १९९० मध्ये. होस्टेलमध्ये युनायटेडवर रात्र-रात्र भांडणाऱ्या आम्हाला एवढं तरी माहीत असायला हवं होतं.

आमचे सर म्हणजे काही रहीमसाहेब नाहीत, हे मलाही कळतं. कदाचित पुढची मॅचही आम्ही हरू. पण दोन मॅचवरून माणूस मोजायचा ही पद्धतच चुकीची आहे. तो अर्ज अजून माझ्या बॅगेत आहे. मी तो देणार नाही, आणि हे मित्रांना तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती म्हणून इथे लिहिलं. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर या. सुरुवात डाव्या पायानेच आहे!