हार्ड डिस्कचा बाप एक शाळामास्तर होता: रेनॉल्ड जॉन्सन

जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची कामं मी बरीच करतो. काढलेली डिस्क लोकांना भंगार वाटते. मला ती पाहून रेनॉल्ड जॉन्सन आठवतो.

जन्म १९०६, अमेरिकेतल्या मिनेसोटात, स्वीडिश वंशाच्या घरात. पोरगा खोडकर. बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या गाड्यांच्या स्पार्क प्लगवर हा गुपचूप पेन्सिलीने रेघा ओढायचा. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, त्यामुळे करंट रेघेवरून निसटायचा, ठिणगी पडायची नाही आणि गाडी जागची हलायची नाही.

पुढे मिशिगनमधल्या आयर्नवूडला तो विज्ञानाचा शिक्षक झाला. पेपर तपासायचं काम कोणत्या मास्तरला आवडतं? त्याला जुनी खोडी आठवली: पेन्सिलीची खूण वीज वाहते, म्हणजे यंत्राला ती वाचता येईल. मंदीच्या काळात, १९३४ मध्ये आयबीएमने त्याला नोकरी दिली, आणि पुढे उत्तरपत्रिका तपासणारं आयबीएम ८०५ यंत्र बाजारात आलं. आपण परीक्षेत गोल काळे करतो ना, त्या ओएमआरचं हे आजोबा. (आजची यंत्रं खूण विजेने नाही, प्रकाशाने वाचतात.)

१९५२ मध्ये कंपनीने त्याला कॅलिफोर्नियात सॅन होजेला नवी प्रयोगशाळा उभारायला पाठवलं. तेव्हा माहिती पंचकार्डांवर किंवा टेपवर असायची. टेपवर मधली एक नोंद हवी असेल तर आधीची सगळी टेप फिरवा. जॉन्सनच्या टीमने ठरवलं की फिरत्या चकत्या वापरायच्या, म्हणजे हवी ती नोंद थेट गाठता येईल. पण चकतीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर एकसारखा बसेना. शेवटी रंग रेशमी मोज्यातून गाळला, कागदी कपात घेतला आणि फिरत्या चकतीच्या मध्यावर ओतला. तो आपोआप कडेपर्यंत पसरला. असले जुगाड मला नेहमीच भारी वाटतात.

१९५६ मध्ये रॅमॅक आलं. २४ इंचांच्या ५० चकत्या, मिनिटाला १,२०० फेरे, वजन टनाच्या आसपास, आणि साठवण ५० लाख अक्षरं, म्हणजे ४ एमबीपेक्षा कमी. तुमच्या फोनचा एखादा फोटोही त्यात मावला नसता. अख्ख्या सिस्टीमचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. वाचणारा दांडा एका नोंदीवरून दुसरीवर जायला साधारण अर्धा सेकंदाहून थोडा जास्त वेळ घ्यायचा.

तुमचा जुना पीसी का रखडतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. आजच्या हार्ड डिस्कमध्येही दांडा हलतोच, फक्त शेकडा एक सेकंदाच्या आसपास. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली लागतात आणि प्रत्येकीसाठी दांडा धावतो. एसएसडीत हलणारं काहीच नाही, म्हणून दहा वर्षं जुना पीसीही एकदम जागा होतो. बोर्डवर एम.२ची खाच नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या. साटाची केबल आणि पॉवरचं कनेक्टर मोकळं आहे का ते आधी बघा. जुनी डिस्क ठणठणीत असेल तर क्लोन करून तिला फोटो-सिनेमांसाठी तशीच राहू द्या. पण ती टकटक वाजत असेल तर क्लोनिंग वगैरे नंतर, आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवा. ती पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते.

जॉन्सन १९७१ मध्ये निवृत्त झाला. त्याआधी अर्ध्या इंची व्हिडिओ कॅसेटवरही त्याने काम केलं होतं. नावावर नव्वदहून जास्त पेटंटं. निवृत्तीनंतर पुन्हा मास्तरकीच: लहान मुलांसाठी बोलकी पुस्तकं, ज्यांत पानावरचा आवाज छोट्या यंत्राने ऐकता यायचा. १९८६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. १९९८ मध्ये ९२व्या वर्षी तो गेला, तोपर्यंत साध्या घरगुती पीसीतही काही जीबीची, तळहातावर मावणारी डिस्क आली होती.