बुडू न देण्याचा ध्यास

मासेमारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कोकणातली होडी आणि जाळे येते. फार तर ओढ्याकाठी बांबूच्या काठीला गळ बांधून बसलेला एखादा पोरगा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एका सधन व्यापाऱ्याने मात्र आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे एका भलत्याच प्रश्नामागे घालवली. पिसांची नकली माशी आणि तिच्यामागची दोरी पाण्यावर तरंगत कशी ठेवायची, हा तो प्रश्न.

फ्रेडरिक हॅलफर्ड याचा जन्म 1844 सालचा, बर्मिंगहॅममधल्या ज्यू घराण्यातला. घरचा धंदा तयार कपड्यांचा. 1868 मध्ये लंडनजवळच्या वँडल नदीवर त्याला मासे धरण्याची परवानगी मिळाली आणि तिथे त्याने कोरडी माशी वापरणारे लोक पाहिले. पुढे तो हॅम्पशायरच्या टेस्ट नदीवर जाऊ लागला. तिथले पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपून येते आणि काचेसारखे नितळ असते. ट्राउट मासा त्यात आपल्याला दिसतो, पण त्यालाही आपण दिसतो. पृष्ठभागावर वाहत आलेला कीटक तो अलगद टिपतो. त्याला फसवायचे तर नकली माशीही तशीच, प्रवाहाच्या गतीने वाहत आली पाहिजे.

खरी अडचण इथे होती. दोरी विणलेल्या रेशमाची, आणि रेशीम पाण्यापेक्षा जड. दोरी भिजून बुडाली की प्रवाह तिला ओढतो, ती माशीला ओढते. पाण्यावर रेघ उमटली की मासा पसार. शिवाय मासा लागल्यावर झटका द्यायचा तर बुडालेली दोरी आधी पाण्यातून उपसावी लागते, तोवर गळ सुटतो.

उपाय सापडला जवसाच्या तेलात. आपल्याकडची मुले नव्या क्रिकेटच्या बॅटला चोळतात तेच हे तेल. दोरी उकळलेल्या तेलात बुडवून हवेच्या पंपाखाली ठेवायची, म्हणजे रेशमातली हवा निघून तेल गाभ्यापर्यंत मुरते. मग निथळवायची, मंद उष्णतेवर वाळवायची, घासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा तेलात घालायची. असे अनेक हात. आठवड्यांचे काम! हॅलफर्डने ही कृती पुस्तकात इतक्या तपशिलाने दिली आहे, की लोणच्याची कृती सांगणारी आजीही मागे पडावी. एवढे करूनही नदीवर निघताना दोरीला हरणाची चरबी चोळायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर दोरी रिळावरून उलगडून वाळवायची. नाही तर ती कुजते.

दोरीच्या टोकाला माशी बांधायची ती रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेल्या पारदर्शक तातीने. तिची तऱ्हा उलटी. ती कोरडी असली की कडक होऊन तुटते, म्हणून आधी भिजवून मऊ करावी लागे. माशीजवळची तात तरंगली तर तळावर तिची सावली पडते. म्हणजे दोरी वर हवी, माशी वर हवी, आणि मधला शेवटचा तुकडा किंचित बुडालेला बरा. माशी भिजली की ती हवेत दोन-चार वेळा पुढेमागे फिरवून वाळवायची. पुढे पॅराफिनचा वापर आला आणि हॅलफर्डनेही तो स्वीकारला.

हे सारे त्याचे एकट्याचे डोके नव्हते. 1879 मध्ये विंचेस्टरमधल्या मासेमारीच्या सामानाच्या एका दुकानात त्याला जॉर्ज सेल्विन मॅरियट भेटला. त्या नद्यांवरचा तो सर्वांत निष्णात माणूस. दोघांनी मिळून कीटक गोळा केले, माशांची पोटे फाडून त्यांनी काय खाल्ले ते तपासले. 1886 मध्ये तरंगत्या माशांवरचे पुस्तक तयार झाले, तेव्हा हॅलफर्डने सहलेखक म्हणून नाव देऊ केले. मॅरियटने ते नाकारले. 1896 मध्ये तो वारला. आज नाव राहिले आहे ते हॅलफर्डचे.

1889 मध्ये दुसरे पुस्तक आले. त्याच वर्षी हॅलफर्डने धंद्यातून अंग काढून घेतले. पण यशाबरोबर हट्टही वाढला. या नद्यांवर तरंगती माशी हीच काय ती योग्य पद्धत, असे त्याचे मत बनले आणि अनुयायांनी त्याचा धर्मच केला. जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाला मात्र दिसत होते, की ट्राउट बरेचसे खाणे पाण्याखालीच खातो. त्याने 1910 मध्ये बुडत्या माशीची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. हॅलफर्डला ते अखेरपर्यंत पटले नाही. ज्याने माशांची पोटे फाडून पाहिली होती, त्याने हे मानू नये याचे नवल वाटते.

मार्च 1914 मध्ये हॅलफर्ड गेला. वाद मात्र मिटला नाही. 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चासभा भरली, आणि ऐंशीच्या घरातल्या स्क्यूजला तिथे आपली बाजू लढवावी लागली.

तातीची जागा पुढे नायलॉनने घेतली. 1950 च्या दशकात प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली, आपोआप तरंगणारी दोरी आली आणि चरबीची डबी अडगळीत गेली. तरी रेशमी दोरी वापरणारे थोडे शौकीन अजून आहेत. संध्याकाळी घरी आले की ते ती उलगडून वाळत घालतात.