पंडिता रमाबाई : आज्ञा नेमकी कुणाची?

शाळेत असताना रमाबाई आपल्याला एका मार्कापुरत्या भेटल्या. शारदा सदनाची स्थापना कोणी केली? उत्तर लिहायचं आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे वळायचं. आमच्या चर्चमध्ये मात्र त्या फार वेळा भेटायच्या. देवाची आज्ञा आधी आणि स्वतःचं सुख नंतर, या विषयावर उपदेश असला की रमाबाईंचं नाव हमखास निघायचं. ऐकून ऐकून माझ्या मनात एका खाली मान घालणाऱ्या, सगळं निमूट सोसणाऱ्या बाईंचं चित्र तयार झालं होतं. पुढे चाळिशीत त्यांच्याबद्दल नीट वाचलं, तेव्हा कळलं की खाली मान घालणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. आपल्या बॅचच्या स्मरणिकेत लिहायचं ठरल्यावर मला त्याच आठवल्या.

जन्म 1858 चा, गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. रमाबाई आईकडूनच शिकल्या. सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरायचं. मग 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि वडील, आई, थोरली बहीण असे तिघेही गेले. उरलेली दोघं भावंडं चालत चालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊही वारला. त्यानंतर त्यांनी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. 1882 च्या फेब्रुवारीत नवराही गेला. बाळ तेव्हा वर्षाचंही नव्हतं आणि रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

1883 मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, डॉक्टर व्हायचं म्हणून. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण बारगळलं. त्याच सप्टेंबरात वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इकडे महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं असेल, ते सांगायला नको.

उपदेशात सहसा न येणारा भाग यापुढे सुरू होतो. त्यांना दीक्षेच्या वाटेवर आणणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात पानोपानी आज्ञापालनाचाच वाद आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या बाईने वडीलधाऱ्यांचं ऐकावं, अशी सिस्टरांची अपेक्षा. रमाबाई शाकाहार सोडेनात. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती कळवली; ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांनी भरलेल्या सभा गाजवल्या, तिला! रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने दिलेली माणसांची आज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली कोणती हे पारखण्याचा हक्क मी सोडणार नाही. ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांच्यावर पोरीचा सांभाळ सोपवायचा, त्यांना हे ऐकवायला काय लागलं असेल? मी एवढी वर्षं कंपनीत काढली आहेत, वरच्यांना नाही म्हणण्याची किंमत थोडीफार मलाही ठाऊक आहे. आणि त्यांच्या हाताशी तर परत जायला माहेर नव्हतं की सासर.

अमेरिकेत व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्याला आलं. मुलींवर धर्माची सक्ती नव्हती, पण रमाबाई प्रार्थना करताना खोलीचं दार उघडं ठेवत आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून 1893 मध्ये रान उठलं. रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद केलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनी ते केलं नाही. रानड्यांची बाजूही मला समजते. त्यांनी पालकांना शब्द दिला होता.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने दुष्काळात आईबाप गमावले, तिने पुन्हा तसल्या छावण्यांत का जावं? त्या गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर तंबू ठोकले. 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विणकाम, तेलघाणा, शेती आणि छापखाना.

या छापखान्यावर माझा विशेष जीव आहे. रमाबाईंना बायबलचं मराठी भाषांतर पसंत नव्हतं. ते केडगावच्या बायकांना कळेना. आम्ही सॉफ्टवेअरवाले असतो तर आहे त्याच कोडला ठिगळ लावून दिलं असतं. त्या मुळाकडे गेल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या आणि पंधरा-सोळा वर्षं त्या कामाला दिली. कलकत्त्याने जिला संस्कृतसाठी सरस्वती म्हटलं, ती एकेक जड संस्कृत शब्द काढून टाकत बसली होती. खिळे जुळवायला दुष्काळातून आलेल्या मुली.

आणि मनोरमा. तिच्यापाशी मी अडते. लहानपणी आईपासून दूर, सिस्टरांकडे राहिलेली; पुढे केडगावच्या कामात उजवा हात झालेली, बी.ए. झालेली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढणारी. लग्न केलं नाही. आईने आपलं सुख बाजूला ठेवलं हे मला कळतं, तिचं ते होतं. मनोरमाचं कुणी बाजूला ठेवलं? तिने स्वतः, की घरात दुसरं काही शक्यच नव्हतं? माझी मुलगी यंदा दहावीला आहे. ती काही बोलता बोलता माझ्या तोंडाकडे बघते, तेव्हा हा प्रश्न मला चर्चच्या बाकावरही सोडत नाही. रमाबाईंबद्दल आदर आहे, तरीही.

24 जुलै 1921 ला मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. आपल्यामागे केडगाव तिने सांभाळावं, असं रमाबाईंच्या मनात होतं. त्या नंतरचे आठ-नऊ महिने त्या भाषांतराची शेवटची प्रुफं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं ते 1924 मध्ये.