ट्रेनमध्ये मिळालेल्या एका पुस्तकाने ना. वा. टिळकांचं आयुष्य बदललं

ही गोष्ट १८९३ सालची. राजनांदगावला निघालेले कवी नारायण वामन टिळक. ट्रेनमधल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते भारावले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण आप्तेष्ट तुटले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षं दूर राहिल्या. पण पुढे त्या परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या घरात बालकवींनाही आसरा मिळाला.

टिळकांनी चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन आणलं. १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं.