मुंबई विद्यापीठातल्या या प्रोफेसरना बाग घराजवळच हवी होती

अंधेरी-घाटकोपरमध्ये जुनी बिल्डिंग पडते, टॉवर उभा राहतो. माणसं वाढतात, बाग तेवढीच राहते. दाट वस्तीत मोकळ्या जागेचा हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी लावून धरला होता पॅट्रिक गेडिस यांनी.

1854 साली स्कॉटलंडमध्ये जन्म. विषय वनस्पतिशास्त्र. लग्नानंतर ते बायकोसोबत एडिंबराच्या दाटीवाटीच्या जुन्या वस्तीत राहायला गेले. पुढे तिथल्या पडीक जागांवर त्यांनी छोट्या बागा करवून घेतल्या.

1914 ला ते भारतात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचं सामान आणणारं जहाज जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवलं. गेडिसनी पुन्हा सामान जमवून प्रदर्शन भरवलंच. 1919 ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख तेच. गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी.

त्यांचा आग्रह साधा होता. आधी वस्ती पायी फिरा, मग नकाशा काढा. रुंद रस्त्यांसाठी सरसकट घरं पाडू नका. घरांमधल्या रिकाम्या जागा जपा, तिथे झाडं लावा.

1932 ला फ्रान्समध्ये ते वारले. 1957 ला बोरिवली, मुलुंड मुंबई महापालिकेत आले. आज बोरिवलीत अख्खं नॅशनल पार्क आहे. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला रोज संध्याकाळी बसायला गल्लीतलीच बाग लागते.